लोरेंझोच्या मागें राहिलेली यादी

फ्लॉरेन्सचा सूत्रधार लोरेंझो द मेदिची ता. ८ एप्रिल १४९२ रोजीं वारला, आणि त्याच्या वाड्यांतील रत्नें, वस्त्रें, भांडींकुंडीं या सर्वांची किंमतवार यादी करण्यांत आली. १५१२ सालीं उतरलेली तिची नक्कल उपलब्ध आहे. मृताच्या मिळकतीची अशी यादी हातीं आली म्हणजे इतिहासकारास मोठा आनंद होतो; परंतु ती सावधपणानें वाचली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम आंकडे पाहूं. पुढें ‘फार्नेसे तबक’ म्हणून प्रसिद्धीस आलेलें अकीकाचें प्राचीन कोरीव पात्र १०,००० सोन्याचे फ्लॉरिन. ‘एकशृंग’ प्राण्याचें शिंग ६,०००. हा प्राणी पृथ्वीवर कधींच नव्हता. हीं शिंगें म्हणजे उत्तरसमुद्रांतील नारव्हल या जलचराचे लांब दांत. विषावर उतारा म्हणून राजेरजवाडे त्यांस जपत! आणि पाओलो उच्चेल्लोचीं सान रोमानोच्या लढाईचीं तीन चित्रें? तीं आणखी तीन चित्रांसह, सोनेरी चौकटीसुद्धां, अवघीं ३००. सहा चित्रांची एकूण लांबी ४२ ब्राच्चा, हेंही तेथें नमूद आहे. ब्राच्चा म्हणजे बाहू. आपल्या हाताचेंच भावंड.

यावरून त्या काळीं रसिकता नव्हती असें अनुमान काढणें म्हणजे उतावळेपणा होय. किंमत करणारापुढें सौंदर्याचा प्रश्नच नव्हता. विकल्यास काय येईल, एवढेंच त्यास पाहावयाचें होतें. रत्न कोठेंही गहाण टाकतां येतें. भिंतीच्या मापाचें चित्र त्या भिंतीवरच शोभतें.

याहून महत्त्वाचा प्रश्न मालकीचा. हीं चित्रें मेदिचींनींच करविलीं, असा समज दीर्घकाळ होता, व त्यास या यादीचाच आधार होता. २००० सालीं फ्रांचेस्को काल्योती या संशोधकानें पुढें आणलेल्या कागदांवरून निराळीच हकीकत कळली. चित्रें बार्तोलिनी सालिम्बेनी घराण्याचीं. दोघां भावांपैकीं एकानें आपला हिस्सा लोरेंझोस दिला. दुसरा, दामियानो, कबूल होईना. तेव्हां लोरेंझोनें माणसें पाठवून चित्रें उचलून नेलीं. यादींत याची खूणही नाहीं. मेदिची १४९४ सालीं परागंदा झाले, तेव्हां कोठें दामियानोस तोंड उघडण्याची सोय झाली, आणि १४९५ सालीं त्यानें आपली मागणी पुढें मांडली.

आज त्या चित्रांपैकीं एक लंडनास, एक पॅरिसास व एक फ्लॉरेन्सांतच आहे; फार्नेसे तबक नेपल्सच्या संग्रहालयांत ठेवलेलें आहे.