वीस किलोहर्ट्झ आणि दोन किलोहर्ट्झ

आधी कबुली देतो. मी ज्या पेपरांत कामं केली, त्यातल्या एकात दर शनिवारी गाड्या आणि गॅजेटचं अर्धं पान असायचं. ते पान मी दोन वर्षं भरलं. त्यातली एकही गाडी मी चालवली नव्हती, एकही मोबाइल हातात धरला नव्हता. कंपनीची प्रेस नोट यायची, मी ती मराठीत करायचो आणि शेवटी 'ग्राहकांच्या पसंतीस उतरेल यात शंका नाही' एवढं स्वतःच्या पदरचं जोडायचो. खाली त्याच कंपनीची जाहिरात. पत्रकारितेच्या डिप्लोमाला 'बातमी आणि जाहिरात यांतली भिंत' या प्रश्नाला मला चांगले मार्क पडले होते, हा भाग वेगळा.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या गावातले एक निवृत्त आयटीआय निदेशक. आम्ही त्यांना सर म्हणतो. सर 'हॅम' आहेत. म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन घरबसल्या रेडिओवरून जगाशी बोलणारे हौशी. गच्चीवर दोन बांबूंना तार बांधलेली आहे, ती शेजाऱ्यांना इतकी वर्षं कपडे वाळत घालायची वाटते. परवा त्यांच्याकडे बसलो असताना मी बोलून गेलो, "हौशी लोकांच्या रिव्ह्यूंना काय अर्थ असतो सर? ज्यानं घेतलं तो चांगलंच म्हणणार."

सर म्हणाले, "पत्रकार महाराज, तुम्हाला शेरवुड माहीत नाही म्हणून असं बोलताय."

नंतर मी ती गोष्ट स्वतः वाचून काढली. लांब आहे, पण वाचा.

अमेरिकेत हौशी रेडिओवाल्यांची संघटना १९१४ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांनी उभी केली. हा माणूस बंदुकीच्या सायलेन्सरचाही जनक, म्हणजे एका हातानं आवाज बंद करायचा आणि दुसऱ्या हातानं जगभर पोचवायचा. डिसेंबर १९१५ पासून त्यांचं 'क्यूएसटी' हे मासिक निघतं, ते आजही चालू आहे. त्यात नव्या रेडिओंचे रिव्ह्यू येतात आणि त्याच रेडिओंच्या जाहिरातीही येतात. पण आमच्या शनिवारच्या पानात आणि त्यात एक मोठा फरक होता. त्यांनी प्रयोगशाळा काढली. १९७५ च्या जुलैमध्ये वेस हेवर्ड यांनी क्यूएसटीत लेख लिहिला, की रिसीव्हरची 'डायनॅमिक रेंज' कशी ठरवायची आणि कशी मोजायची. सोप्या भाषेत, रिसीव्हर किती बारीक आवाज ऐकू शकतो आणि त्याच वेळी शेजारचा किती मोठा गोंगाट सहन करू शकतो, या दोन टोकांमधलं अंतर. आकडा डेसिबलमध्ये. जेवढा मोठा तेवढा रेडिओ चांगला. कंपनीच्या 'अप्रतिम', 'अतुलनीय'च्या जागी मोजलेला आकडा आला. ही लहान गोष्ट नव्हती.

आता रॉब शेरवुड. राहणार कोलोरॅडो. १९७४ साली त्यांनी नवाकोरा ड्रेक आर-४सी रिसीव्हर घेतला. ड्रेक ही ओहायोची नावाजलेली कंपनी. तो रेडिओ घेऊन ते १६० मीटर बँडवरच्या मोर्सच्या स्पर्धेत उतरले. या स्पर्धांत ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायचा असतो. शेकडो लोक एकाच अरुंद पट्ट्यात एकमेकांना खेटून टिकटिक करत असतात. जत्रेत दहा दुकानांचे दहा कर्णे एकदम चालू असावेत तसं. आणि ऐन गर्दीत आर-४सीनं लापशी केली. सगळे आवाज एकमेकांत कालवले गेले, कोण काय पाठवतंय काही कळेना.

पुढं डायनॅमिक रेंज मोजायची पद्धत आली, तशी त्यांनी आपल्या रेडिओची मोजली. आकडा ठीक आला. आता काय म्हणायचं? कागदावर रेडिओ पास आणि कानाला नापास.

इथं बहुतेक लोक थांबतात. एक तर 'आपलंच काही चुकत असेल' म्हणतात, नाहीतर 'कंपनी चोर आहे' म्हणून मोकळे होतात. शेरवुड दोन्ही म्हणाले नाहीत. त्यांनी चाचणी कशी होते ते बघितलं. त्या वेळच्या रीतीप्रमाणे चाचणीत दोन जोरदार सिग्नल एकमेकांपासून २० किलोहर्ट्झ अंतरावर ठेवत. स्पर्धेतला शेजारी २० किलोहर्ट्झवर नसतो, तो एक-दोन किलोहर्ट्झवर येऊन बसलेला असतो. आर-४सीच्या आतला पहिला फिल्टर ८ किलोहर्ट्झ रुंद होता. म्हणजे २० किलोहर्ट्झवरचा गोंगाट दारातच अडायचा आणि चाचणी पास व्हायची. पण २ किलोहर्ट्झवरचा गोंगाट दारातून थेट माजघरात शिरायचा आणि आतला भाग गुदमरायचा. शेवटचा बारीक फिल्टर होता, पण तो पार आत. तिथवर सिग्नल पोचेपर्यंत नासाडी होऊन गेलेली.

म्हणजे प्रयोगशाळा खोटं बोलत नव्हती. तिचा आकडा बरोबरच होता, फक्त वापरणाऱ्याला जिथं दुखतं तिथं ती मोजत नव्हती. शेरवुड यांनी अंतर २ किलोहर्ट्झवर आणून मोजलं, तर कानाला जे जाणवत होतं ते आकड्यात दिसलं. डिसेंबर १९७७ च्या 'हॅम रेडिओ' मासिकात त्यांनी ते छापलं, आणि पुढं हातात येईल तो रिसीव्हर त्याच पद्धतीनं मोजून तक्ता करायला लागले.

एक गोष्ट लपवायला नको. दुखणं सांगणारे शेरवुड औषधही विकत होते. आर-४सीत बसवायचे अरुंद फिल्टर त्यांचीच छोटी कंपनी विकायची. माझ्यासारख्याच्या नाकाला इथं लगेच वास येतो. पण त्यांनी कसं मोजलं, किती अंतरावर मोजलं, हे सगळं उघड सांगितलेलं होतं. ज्याच्याकडे दोन सिग्नल जनरेटर आहेत तो कुणीही घरी ते करून बघू शकत होता. माझ्या 'शंका नाही' वाल्या वाक्यांना ही सोय नव्हती.

मग कंपन्या लगेच सुधारल्या का? छे. उलट पुढची वीस-पंचवीस वर्षं या बाबतीत बरेच रेडिओ जास्त वाईट झाले. गिऱ्हाइकाला डिजिटल आकडे हवे होते, सगळे बँड एकाच डब्यात हवे होते. त्यासाठी रिसीव्हरच्या आतली पहिली पायरी खूप वरच्या फ्रीक्वेन्सीला नेली गेली. तिथं अरुंद फिल्टर करणं त्या काळी अवघड, मग पहिला फिल्टर १५ किलोहर्ट्झच्या आसपास रुंद. म्हणजे आर-४सीपेक्षाही मोठं दार! बटणं वाढली, किमती वाढल्या, चकचकीत जाहिराती वाढल्या. आणि स्पर्धेत लापशी तशीच.

२००३ साली टेनेसीच्या टेन-टेक कंपनीनं 'ओरायन' काढला, त्यात पहिल्याच पायरीला अरुंद फिल्टर होते. नंतर कॅलिफोर्नियाच्या एलक्राफ्टचा 'के-३' आला आणि शेरवुडच्या तक्त्यात वर जाऊन बसला. मधल्या काळात क्यूएसटीच्या प्रयोगशाळेनंही ५ आणि २ किलोहर्ट्झवर मोजायला सुरुवात केली होती. एका हौशी माणसाच्या तक्रारीला प्रमाण चाचणीत जागा मिळायला पाव शतक लागलं. आज कंपन्या रेडिओ विकताना याच तक्त्यातली आपली जागा सांगतात.

यालाही दुसरी बाजू आहे. तक्ता आला की लोक तक्त्याच्या मागे लागतात. पहिल्या नंबरचा रेडिओ घ्यायचा म्हणून लाखो रुपये घालणारे आहेत, आणि त्यातले कित्येक महिन्यातून एकदा शांत बँडवर मित्राशी गप्पा मारतात. शेरवुड स्वतःच सांगत आलेत की साधारण ८५ डेसिबलच्या पुढं बहुतेकांना फरक कळणार नाही, तेव्हा रेडिओ हाताळायला सोपा आहे का ते बघा. पण रांगेतला नंबर दिसला की बाकीचं कोण वाचतो? आमच्याकडे दहावीच्या निकालाचं तेच.

"आणि हे सगळं स्पर्धेपुरतं नाही," सर म्हणाले. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद हौशी मोहिमेसाठी अंदमानात होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि पोर्ट ब्लेअरहून माणसं जिवंत आहेत की नाहीत हे कळवायचं काम या हौशी रेडिओनं केलं. अशा वेळी जो तो एकाच फ्रीक्वेन्सीभोवती गोळा होतो, म्हणजे पुन्हा तीच गर्दी.

सरांच्या टेबलावर जो सेट आहे तो परदेशी नाही, हैदराबादचा 'मायक्रो-बिटएक्स' आहे. आपल्याकडे परदेशी सेट परवडत नाहीत म्हणून अश्हर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांवर चालणारा 'बिटएक्स' रचला. टीव्हीचा बालून, गुंडाळ्यांसाठी नळाचे वॉशर, असला माल. त्याच घराण्यातला मायक्रो-बिटएक्स २०१७ च्या शेवटी विक्रीला आला. साधारण १० वॅट, ३ ते ३० मेगाहर्ट्झ, किंमत १०९ डॉलर. त्याच्या गुंडाळ्या हैदराबादच्या बायकांचा एक गट हातानं करायचा. जगभरातून मागणी आली.

आणि २०१८ मध्ये जगभरातल्या हौशींनीच तो मोजून दोष काढला. काही बँडवर हा सेट हव्या त्या सिग्नलबरोबर नको तेही बाहेर फेकत होता, अमेरिकेच्या नियमात बसणार नाही इतका. आपला भारतीय माणूस, एवढा स्वस्त सेट, कशाला बोंब मारायची, असं कुणी म्हटलं नाही. आपले भारतीय हॅमही मोजण्यात होते. सर्किट पहिल्यापासून सगळ्यांना खुलं होतं, त्यामुळं दोष कुठं आहे तेही लोकांनीच शोधलं. फिल्टर बदलणारे रिले आणि बोर्डावरची मांडणी अशी होती की सिग्नल फिल्टरला वळसा घालून निसटत होता. कुणी जादा रिले लावून बघितले, कुणी तारा फिरवून. पाचव्या आवृत्तीत मांडणी बदलली. कुणी कुणाला नोटीस पाठवली नाही.

आपल्या सरकारनं २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. जानेवारी २०२३ मध्ये, पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करत असाल तर तसं स्पष्ट सांगा, असा नियमही सांगितला. चांगलंच आहे. पण त्यानं फक्त बोलणारा कुणाचा आहे ते कळेल. त्यानं काय मोजलं, कसं मोजलं, हे विचारायचं काम वाचणाऱ्याचंच राहतं.

निघताना सरांनी त्यांची वही दाखवली. मायक्रो-बिटएक्सची प्रत्येक बँडवर मोजलेली ताकद, तारीख, त्या वेळचे बॅटरीचे व्होल्ट, कोणत्या मीटरनं मोजलं ते. मागच्या पानांवर रेडिओ नव्हता. गावात मिळणाऱ्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या होत्या. सात घरांतल्या. लेबलवर किती अँपिअर-तास लिहिलेत आणि ठरावीक भार लावून प्रत्यक्षात किती निघाले. एका कंपनीच्या तिन्ही बॅटऱ्या निम्म्याच्या आसपास.

"छापता का?" सरांनी विचारलं.

त्या कंपनीच्या इथल्या डीलरची दर आठवड्याला आमच्याकडे जाहिरात असते. संपादकांना विचारून सांगतो म्हणालो. आज चौथा दिवस, अजून विचारलेलं नाही.