एक अंतःस्राव, तीन वाटा

१९५३ सालच्या ऑगस्ट महिन्यात आपल्या मुंबईतून निघणाऱ्या एका इंग्रजी नियतकालिकात तीन पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. नियतकालिकाचे नाव ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’, संपादक मुंबईचे डॉक्टर ए. पी. पिल्ले आणि लेखक न्यूयॉर्कचे डॉक्टर हॅरी बेंजामिन. जन्मतः पुरुष म्हणून गणना झालेल्या, परंतु आपण स्त्रीच आहोत अशी अंतर्यामी अढळ प्रतीती बाळगणाऱ्या व्यक्तींचा प्रश्न त्यात आला होता. स्त्रीवेषाची आवड असणे निराळे आणि आपला देहच स्त्रीचा व्हावा ही तळमळ निराळी, हा भेद त्यात मांडला होता. बेंजामिन ह्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला १९६६ साली. त्याच्या तेरा वर्षे आधी त्या विचाराचे एक पहिले रूप आपल्या शहरातील छापील पानावर उतरले होते, ही गोष्ट मुंबईकरांच्या फारशी स्मरणात नाही.

असा लेख छापण्याचे धाडस येथे एकाएकी उपजले नव्हते. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात गणित शिकविणारे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी पुढे नोकरी सोडली, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक खटले सोसून चालविले. पिल्ले ह्यांचे पहिले नियतकालिक ‘मॅरेज हायजीन’ १९३४ चे. देहाविषयी सभ्यपणे आणि स्पष्टपणे बोलता येते, हा धडा ह्या शहराने तेव्हाच घेतला होता. मग ज्या शहरात हे ज्ञान छापले जात होते, त्याच शहरातील पारलिंगी स्त्रियांना पुढे औषध मिळाले ते कोठून व कोणत्या रूपात? आज ह्याच गोष्टीकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. कारण येथे औषध कोणते ह्या प्रश्नाइतकाच ते शरीरात कोणत्या वाटेने शिरते हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि कित्येकदा तो जीवनमरणाचा ठरला आहे.

ज्या अंतःस्रावाने स्त्रीदेहाला त्याची ठेवण येते, त्याला आपण इस्ट्रोजेन म्हणतो. त्याच्या एका प्रकाराचे शुद्ध स्फटिक १९२९ साली अमेरिकेत डॉइसी ह्यांनी व जर्मनीत बुटेनांट ह्यांनी स्वतंत्रपणे मिळविले, तेही गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून. अंडाशयात होणारा मुख्य प्रकार म्हणजे इस्ट्राडायोल. हा तोंडाने घेतला तर त्याचा बराचसा भाग यकृतातच निकामी होई, म्हणून आरंभी सुईखेरीज इलाज नव्हता. १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीतील इनहॉफेन व होल्वेग ह्यांनी त्याच्या रेणूला एक लहानसे शेपूट जोडले. ते जोडल्यावर यकृताला तो रेणू सहजासहजी मोडता येईना. हेच इथिनिल इस्ट्राडायोल. अत्यल्प मात्रेत, गोळीने आणि स्वस्तात काम होऊ लागले. पुढे जगभरच्या संततिनियमनाच्या गोळ्यांत हेच द्रव्य जाऊन बसले.

१९५२ च्या डिसेंबरात जिच्या वार्तेने साऱ्या जगाची वर्तमानपत्रे भरली, त्या ख्रिस्तीन जॉर्गेनसन हिची कथा पुष्कळांनी ऐकली असेल. कोपनहेगनच्या डॉक्टर हाम्बुर्गर ह्यांनी तिच्यावर उपचार केले. परंतु १९५० मध्ये डेन्मार्कला जाण्यापूर्वीच तिने अमेरिकेतील एका औषधाच्या दुकानातून इथिनिल इस्ट्राडायोलच्या गोळ्या मिळवून आपल्या आपण घ्यावयास आरंभ केला होता, हे तितकेसे सांगितले जात नाही. वैद्याआधी दुकानदार, हा क्रम तिच्यापासूनच पडला.

आपल्याकडेही तोच पडला. सरकारच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमातील ‘माला-एन’ आणि दुकानी मिळणारी ‘माला-डी’ ह्या गोळ्या कोणास ठाऊक नाहीत? त्यांच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात, पैकी एकवीस औषधाच्या आणि सात नुसत्या लोहाच्या. औषधाच्या प्रत्येक गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल आणि ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉर्जेस्ट्रेल असते. हिजडा समाजातील व इतर पारलिंगी स्त्रिया ह्या गोळ्या कोणास न विचारता, बहुधा मैत्रिणीच्या सांगण्यावरून, दिवसाला कितीतरी घेतात, असे आपल्या देशातील डॉक्टर व कार्यकर्ते वारंवार नोंदवीत आले आहेत. त्यात दोष त्यांचा म्हणावा असे मला वाटत नाही. दवाखान्याच्या रांगेत पुरुषांकडे उभे राहावे की स्त्रियांकडे, येथपासून जिचा प्रश्न आहे, तिने दुकानाची फळी गाठली तर नवल ते काय? पण ह्या गोळीत एक क्रूर विनोद दडलेला आहे. तिच्यातील दुसरे द्रव्य, लिव्होनॉर्जेस्ट्रेल, हे काहीसे पुरुषी अंतःस्रावासारखे वागते. म्हणजे जे घालवावयाचे, त्याचाच थोडा अंश प्रत्येक गोळीबरोबर पोटात जातो.

आणि धोका तर पहिल्या द्रव्यातच आहे. जुन्या मुंबईकरांस जकातनाके आठवत असतील, जे २०१७ मध्ये कायमचे उठले. तोंडाने घेतलेले प्रत्येक औषध आतड्यातून प्रथम यकृताच्या नाक्यावर जाते व मग साऱ्या शरीरात पसरते. इस्ट्रोजेनचा लोंढा नाक्यावर आला की यकृत रक्त गोठविणारी प्रथिने अधिक प्रमाणात निर्मू लागते. साधे इस्ट्राडायोल तेथे बरेचसे मोडले जाते. इथिनिलचे मात्र शेपूट मोडत नाही, म्हणून ते फिरून फिरून यकृतात येते आणि तोच उद्योग चालू ठेवते. परिणामी पायाच्या शिरेत गाठ धरते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बघता बघता जातो.

हे केवळ अनुमान नव्हे. ॲम्स्टरडॅमच्या आस्शेमान, खोरेन आदी डॉक्टरांनी १९८९ मध्ये ३०३ पारलिंगी स्त्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्या सर्वसाधारणपणे रोज ०.१ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल घेत असत, जोडीला सायप्रोटेरोन नावाचे पुरुषी स्राव रोखणारे औषध. रक्ताच्या गाठींचे प्रमाण अपेक्षेच्या ४५ पट निघाले! आमच्या ‘माला’ गोळ्यांचा हिशेब ह्याच्याशी ताडून पाहावा. तीन गोळ्या म्हणजे ०.०९ मिलिग्रॅम, आणि घेणारी तीनवर थांबतेच असे नाही. ॲम्स्टरडॅमकरांनी चाळिशीवरील स्त्रियांस गोळीऐवजी त्वचेवरून औषध द्यावयास सुरुवात केली. १९९७ च्या त्यांच्या पुढील अहवालात त्या गटात हा विकार जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. अखेर २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनी इथिनिल इस्ट्राडायोल ह्या कामी वापरू नये असे स्पष्ट म्हटले.

मग वाटा उरल्या त्या साध्या इस्ट्राडायोलच्या. गोळीने घ्यावयाचे तर इस्ट्राडायोल किंवा त्याचे व्हॅलरेट रूप. त्याची सामान्य मात्रा दिवसाला २ ते ६ मिलिग्रॅम. घेण्यास सोपे, बंद करण्यास सोपे, लपविण्यासही सोपे, आणि चाळीतील दोन खोल्यांत राहणाऱ्या तरुणीला हा शेवटचा गुण लहान नाही. धोका इथिनिलहून पुष्कळ कमी. तथापि नाका टळत नाही. कोणी गोळी जिभेखाली विरघळवितात. त्याने औषध रक्तात लवकर चढते, पण तितकेच लवकर उतरते.

सुईची वाट सर्वांत जुनी. तेलात मिसळलेले व्हॅलरेट स्नायूत दिले म्हणजे आठवडाभर किंवा पंधरवडाभर झिरपत राहते. यकृताची पहिली फेरी टळते, रोजची आठवण ठेवावी लागत नाही. मात्र पहिल्या काही दिवसांत पातळी उंच चढते आणि पुढच्या सुईपूर्वी खाली येते, त्याबरोबर मनही कधी कधी खालीवर होते. आणि सुई म्हणजे सुई. ती स्वच्छ हवी, दुसऱ्या कोणाची नको. जेथे एका खोलीत दहाजणी राहतात तेथे हे सांगणे अनावश्यक ठरत नाही.

तिसरी वाट त्वचेची. पट्टी किंवा जेल. अमेरिकेत पट्टीला १९८६ मध्ये परवानगी मिळाली. पोट व यकृत दोन्ही बाजूस राहतात, पातळी संथ राहते. २००३ मध्ये फ्रान्समधील एका पाहणीत, ऋतुनिवृत्त स्त्रियांत का होईना, असे आढळले की तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गाठींचे प्रमाण साडेतीन पटीच्या घरात गेले, त्वचेवरून घेणाऱ्यांत ते वाढलेच नाही. म्हणून वय झालेल्या, तंबाखू ओढणाऱ्या, किंवा पूर्वी गाठ झालेल्या स्त्रीस डॉक्टर हीच वाट सुचवितात. पण ही वाट खर्चाची. शिवाय मे महिन्यात दादरच्या लोकलमधून आल्यावर अंगाला पट्टी चिकटून राहील काय, ह्याचा विचार ती शोधणाऱ्या थंड देशातल्या लोकांना करावा लागला नसेल. जेलही कोरड्या अंगालाच लावावे लागते, आणि वाळेपर्यंत लहान मुलाला जवळ घेता येत नाही.

एक गोष्ट मध्येच सांगतो. निर्वाण, म्हणजे लिंग व अंडग्रंथी काढून टाकण्याचा संस्कार, ज्यांनी करून घेतला आहे त्यांस पुरुषी स्राव रोखणाऱ्या गोळ्या लागत नाहीत. पण त्यांनी इस्ट्रोजेनही घेतले नाही तर दोहोंपैकी कोणताच अंतःस्राव पुरेसा उरत नाही, आणि हाडे आतून पोकळ होत जातात. ‘आता औषध कशाला?’ हा समज म्हणूनच घातक आहे.

परळला के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून उभे आहे. त्याच्याच शेजारात १९७० साली प्रजननविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्था आली, आणि अंतःस्रावांचा अभ्यास तेथे अनेक वर्षे चालला. ज्ञान दूर नव्हते, दार अरुंद होते. ते थोडे उघडले सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निर्णयाने. त्या दाव्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्यांनी मध्यस्थी अर्ज केला होता. २०१९ च्या कायद्याने अंतःस्रावी उपचारांची सोय करण्याचे काम सरकारवर सोपविले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी तीस खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला.

उपचार सुरू केल्यावर पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. इस्ट्राडायोलची पातळी मिलिलिटरमागे १०० ते २०० पिकोग्रॅम असावी, असे वर सांगितलेले २०१७ चे नियम म्हणतात. सुई घेणाऱ्या स्त्रीचे रक्त दोन सुयांच्या बरोबर मधल्या दिवशी काढावयाचे असते. चढत्या दिवशी काढले तर मात्रा फार वाटते, उतरत्या दिवशी काढले तर थोडी, आणि नेमका दिवस कोणता होता हे तिने सांगितल्याखेरीज डॉक्टरला कळण्यास दुसरा मार्ग नाही.