१८८२ : चित्रातील बालपण आणि महाडचे बालपण

फ्रेंच चित्रकार विल्यम बूगरो (१८२५–१९०५) याचे ‘ले न्वाझेत’ हे १८८२ सालचे तैलचित्र अमेरिकेतील डेट्रॉइट येथील कलासंग्रहालयात आहे. दोन अनवाणी मुली रानातील हिरवळीवर विसावल्या असून एकीच्या हातात वेचलेली कवचफळे आहेत. कुंचल्याची खूणही दिसू नये, या अकादमीच्या शिस्तीनुसार रंगलेपन गुळगुळीत आहे. चित्रकाराचे श्रम जसे दृष्टीआड झाले, तसेच मुलींचेही. मूळ फ्रेंच नाव केवळ फळांचे आहे. ‘वेचणाऱ्या’ हा अर्थ इंग्रजी नावात आला.

त्याच वर्षी २८ मार्च रोजी फ्रान्समध्ये सहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. चित्रात रानी विसावलेल्या बाल्यास कायदा शाळेत बोलावीत होता. १९ ऑक्टोबर रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली; महार-मांगांच्या मुलांस इतरांशेजारी बसू दिले जात नाही, हेही त्यांनी नमूद केले.

सावित्रीच्या खोऱ्यात, महाड-पोलादपूरच्या वरकस उतारांवर, मुलांच्या वाट्याला गुरे आणि मोळी येत. मराठीतील ‘गुराखी’ या शब्दातच ‘राखणे’ हे काम सामावलेले आहे. शाळेचे दारही सर्वांस सारखे उघडे नव्हते. लाडवली येथे १९०३ साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांस महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश प्रथम नाकारण्यात आला. वृत्तपत्रातून वाचा फुटल्यावर तो मिळाला. पुढे हेच मोरे महाड परिषदेच्या संयोजकांत होते, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले.

यावरून बूगरोचे चित्र खोटे ठरत नाही. ऊन, हिरवळ आणि विसावा खेड्यातील मुलांस लाभतोच. परंतु हा विसावा कोणत्या कामानंतरचा, आणि जवळच्या पाणवठ्यावर ओंजळ भरण्याची मुभा कोणास होती, हे प्रश्न त्या गुळगुळीत पृष्ठभागावर उमटत नाहीत. ते इतिहासाने विचारावयाचे असतात.