शिशाच्या वजनाला चिकटलेला समुद्र

तेरेखोल खाडीतून एके काळी बांद्यापर्यंत गलबते येत. वाळूचा दांडा कोठे, भरतीला किती वाव पाणी, हे तांडेलाला पाठ असे. (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचे अंतर, सुमारे सहा फूट.) असे ज्ञान पद्धतशीरपणे कागदावर येऊ लागले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या गरजेतून. कंपनीच्या आरमारातील जॉन मॅक्लुअर याने १७८७ ते १७९० या काळात पश्चिम किनाऱ्याची पाहणी केली. जहाजे खडकांवर फुटू नयेत, एवढाच हेतू.

साधन म्हणजे खुणांची दोरी व शिशाचे वजन. वजनाच्या तळाशी खळगा ठेवून त्यात चरबी भरत. वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे तिला चिकटून वर येत आणि नकाशावर खोलीच्या आकड्याशेजारी त्यांची नोंद होई. नांगर कोठे धरेल हे कळण्यासाठी केलेली ही नोंद. पण सागरतळाच्या अभ्यासाचा आरंभ त्या चरबीतच आहे, असे मला वाटते.

१८७४ मध्ये कलकत्त्यास सागरी सर्वेक्षण खाते निघाले. त्याच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरचा डॉक्टरच निसर्गशास्त्रज्ञाचे काम करी. अल्कॉक हा त्यांतला प्रसिद्ध. किनारा मोजण्यातून सवड मिळे तेव्हा खोल पाण्यात जाळे ओढायचे, अशी ही उसन्या वेळातली संशोधने!

दोरीने दोन ठिकाणची खोली कळे, मधले काहीच नाही. विसाव्या शतकात प्रतिध्वनी यंत्राने ही उणीव भरून काढली. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी २ सेकंदांनी आला तर खोली किती, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. मात्र हा वेग तापमान व क्षारतेनुसार बदलतो. म्हणजे नेमकी खोली हवी तर सर्वेक्षकाला पाण्याचाही अभ्यास करावाच लागतो. त्याची भूमिका बदलली ती अशी, कामाच्या गरजेपोटी.

विजयदुर्गापासून सुमारे १०० कि.मी. पश्चिमेला समुद्रात बुडालेला एक विस्तीर्ण उंचवटा आहे, अंग्रिया बँक. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचा. त्याचा माथा पाण्याखाली जेमतेम २० मीटरवर येतो. नाविकांच्या लेखी तो भर समुद्रातला उथळ भाग. जीवशास्त्रज्ञांच्या लेखी जिवंत प्रवाळांचे घर. २०१९-२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘सिंधु साधना’ जहाजातून त्याची पाहणी झाली. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, ते किनाऱ्यालगत. प्रादेशिक समुद्राची हद्द १२ सागरी मैलांची, सुमारे २२ कि.मी.; अंग्रिया तिच्या कितीतरी बाहेर. तेथे संरक्षित क्षेत्र आखायचे तर केंद्र सरकारलाच आखावे लागेल, आणि त्यासाठी उंचवट्याची कड नेमकी कोठे उतरते, प्रवाळ कोठवर आहेत, हे दाखवणारा नकाशा हवा.