पाणी जायचं कुठं?

मी मूळचा आशागडचा, डहाणूजवळचा. नोकरी मुंबईत, म्हणून कुर्ल्याला भाड्याची खोली बघत होतो. बाबांना फोन केला, तर त्यांनी भाडं विचारलंच नाही. म्हणाले, "तिथं पावसाचं पाणी कुठं जातं रे?" आजचा भाग त्या प्रश्नावर.

मुंबई म्हणजे मुळात सात बेटं. मधल्या खाड्यांत भरतीचं पाणी यायचं, ओहोटीला परत जायचं. १७८४च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून वरळीजवळचं खाडीचं मोठं तोंड बंद केलं. मग भराव पडत गेले, बेटं जोडली गेली. पण भरावाची जमीन सखलच राहिली. पुढे मिठी नदीच्या मुखाजवळची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं.

मग आली २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. कुलाब्याला शंभरही नाही. त्यात दुपारी मोठी भरती. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशोबाची, आणि बऱ्याच नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली. म्हणजे भरती आली की पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. मिठीकाठचं कुर्ला बुडालं.

आता समुद्राची पातळी वाढतेय. ही वाट अजून जास्त वेळ बंद राहणार.

खोली मी घेतली, दुसऱ्या मजल्यावर. दोन हजार रुपये जास्त पडतात. खाली तळमजल्यावर जे राहतात, त्यांच्याकडे ते दोन हजार नाहीत. बाबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे: पाणी त्यांच्या घरात जातं.