मालमोटारींचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे काय, हे मराठी वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. जुन्या मोटारगाडीचा जीर्णोद्धारही आता आपल्याकडे अपरिचित राहिलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात अशा मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि संस्थानिकांच्या पदरच्या चकचकीत गाड्या लोकांनी कौतुकाने पाहिल्या होत्या. परंतु जिने विटा, कोळसा, लाकूड आणि तोफा वाहिल्या, जिच्या केबिनमध्ये कधी कोणी राजा बसला नाही, अशा मालमोटारीला भंगाराच्या अड्ड्यावरून उचलून आणून, वर्षानुवर्षे खपून पुन्हा चालती करणारी माणसेही जगात आहेत. इंग्लंडात हा छंद चांगलाच खोल रुजला आहे. त्याचा इतिहास आम्ही येथे सांगू इच्छितो. आणि त्या इतिहासातून उभा राहणारा एक प्रश्नही, कारण तो आता आपल्या दारापर्यंत आला आहे.

मोटारींना हा मान लवकर मिळाला. १८९६ साली ब्रिटिश कायद्याने रस्त्यावरील यांत्रिक वाहनांची जुनी बंधने सैल केली, त्या आनंदात लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची मिरवणूक निघाली होती. तिच्या स्मरणार्थ जुन्या मोटारींची दौड १९२७ पासून सुरू झाली. मालमोटारींना त्या मार्गावर स्वतःची दौड मिळण्यास १९६२ साल उजाडावे लागले. त्याआधी चार वर्षे, १९५८ मध्ये, काही हौशी मंडळींनी ‘हिस्टॉरिक कमर्शियल व्हेइकल क्लब’ स्थापन केला होता. मधले हे पस्तीस वर्षांचे अंतर समजण्यासारखे आहे. मोटार घरची असते; जुनी झाली तरी गाडीखान्यात पडून राहते आणि एखाद्या दिवशी नातवाच्या हाती लागते. मालमोटार धंद्याची. ती कमावते तोवर तिला तेलपाणी मिळते, कमाई थांबली की तिची किंमत म्हणजे तिच्यातील लोखंडाचे वजन; आणि वजन तर भरपूर!

शिवाय मालमोटारींच्या पिढ्याच्या पिढ्या केवळ म्हातारपणाने गेल्या नाहीत, कायद्यानेही गेल्या. इंग्लंडात वाफेवर चालणाऱ्या मालगाड्या विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत सर्रास दिसत. १९३३ च्या सुमारास वजनानुसार जबर कर बसला आणि त्या पाहता पाहता नाहीशा झाल्या. याच वेळी सँडबॅक येथील फोडेन घराण्यात वाफ की डिझेल यावरून फूट पडली आणि एडविन रिचर्ड फोडेन यांनी बाहेर पडून स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांनी ‘ईआरएफ’ हा डिझेल मालमोटारींचा कारखाना काढला. पुढे १९६८ साली अवजड वाहनांची वार्षिक तपासणी सक्तीची झाली आणि कितीतरी जुनी धुडे एकदम बाद ठरली. त्यांतली थोडी हौशी लोकांच्या अंगणात गेली, बाकीची भट्टीत.

गंमत अशी की, अशा वाहनांचा जीर्णोद्धार प्रथम केला तो हौशी लोकांनी नव्हे, तर कारखानदारांनी, आणि तोही भीतीपोटी. पहिल्या महायुद्धात लेलँड कंपनीने ब्रिटिश वायुदलासाठी जवळजवळ सहा हजार मालमोटारी बांधल्या होत्या. युद्ध संपताच त्या मोडक्यातोडक्या अवस्थेत बाजारात येऊ लागल्या. आपल्या नावाचा खिळखिळा माल गावोगाव फिरला तर पत जाईल, म्हणून कंपनीने त्यांतल्या पुष्कळशा स्वतःच परत विकत घेतल्या, लंडनजवळ किंग्स्टन येथे विमानांच्या कारखान्याची जागा घेऊन त्या नटबोल्टापासून उकलल्या, पुन्हा जुळवल्या आणि नव्याने विकल्या. या व्यवहारात, पाठोपाठ आलेल्या मंदीत, कंपनी बुडता बुडता वाचली. त्या गाड्या मात्र पुढे अनेक वर्षे राबल्या. आज त्यांतली एखादी प्रदर्शनात उभी दिसते तेव्हा ती नक्की कोणत्या काळची म्हणावयाची? युद्धातली, की किंग्स्टनला पुन्हा जन्मलेली?

हा प्रश्न खऱ्या अर्थाने तीव्र झाला तो दुसऱ्या महायुद्धातील ‘मॅटॅडोर’ या वाहनामुळे. लंडनच्या बसगाड्या बांधणाऱ्या साउथॉल येथील एईसी कारखान्याने ते सैन्यासाठी केले. चारही चाकांना गती, ९५ अश्वशक्तीचे ७.७ लिटरचे डिझेल इंजिन, ताशी तीसएक मैलांचा वेग. काम मुख्यतः मध्यम तोफा ओढण्याचे. अशी नऊ हजारांवर वाहने झाली. युद्धानंतर ती लिलावात निघाली आणि ज्यांनी विकत घेतली त्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे कापली, जोडली, वाढविली. लाकूडवाल्यांनी मागे यारी बसवून जंगलातून ओंडके ओढले. बसच्या आगारांनी बंद पडलेल्या बसगाड्या उचलण्यासाठी तिला क्रेन लावली. जत्रेतल्या खेळवाल्यांनी तिच्यामागे पाळण्यांचे सामान जोडले. केबिन बदलल्या, मागचे हौदे छाटले, रंगावर रंग चढले. युद्धात जी पाच-सहा वर्षे राबली, ती रानात तीस वर्षे राबली.

मग ती हौशी माणसाच्या हाती आली. त्याने काय करावे? पुष्कळांनी क्रेन उतरवून भंगारात दिली, सैनिकी हौदा नव्याने बांधला, गाडीला लष्करी हिरवा रंग दिला आणि बाजूला पलटणीची खूण रंगविली. पाहणाऱ्याला तोफखान्यातली गाडी पाहिल्याचे समाधान मिळते, हे खरे. युद्धात ज्यांची माणसे गेली त्यांच्या दृष्टीने त्या रंगाला मोल आहे, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु असा जीर्णोद्धार करणारा इतिहासातली सहा वर्षे राखण्यासाठी तीस वर्षे खरवडून टाकतो, ही गोष्ट उरतेच. सुदैवाने दुसऱ्या मताची माणसेही तेथे आहेत. ती ओढगाडीची क्रेन, लाकूडवाल्याने वेल्डिंग करून लावलेले पोलादी पाय, गॅरेजच्या नावाची वेडीवाकडी अक्षरे, सारे तसेच राखतात. रंगाचे थर घासताना खालून एखाद्या जुन्या मालकाचे नाव उमटले की ती काम थांबवून आधी त्याचे छायाचित्र घेतात. आमचे मन या दुसऱ्या मंडळींकडे झुकते.

कामाचा व्याप मात्र दोघांचाही सारखाच. मॅटॅडोरची केबिन ॲश नावाच्या लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेली. पत्रा वरून बरा दिसतो आणि आतले लाकूड भुग्यासारखे झालेले असते. म्हणजे फिटराच्या आधी सुतार हवा. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनाचे दट्टे नळकांड्यांत धरून बसतात. त्यांत तेल ओतून कित्येक आठवडे वाट पाहावी लागते, घाई केली तर हाती तुकडे येतात. न मिळणारा भाग जुन्या तुकड्यावरून साचा करून पुन्हा ओतून घ्यावा लागतो. आणि सगळे जमल्यावर गाडी चालवावयाची विद्या वेगळीच. त्या गियरपेटीत दात आपोआप जुळत नाहीत. दोनदा क्लच दाबून, कानाने इंजिनाचा वेग ओळखून गियर घालावा लागतो. आपल्या घाटांतल्या जुन्या चालकांस हे सांगावे लागणार नाही.

‘मूळ रूप’ या शब्दाची फसवणूक पाहावयाची असेल तर स्कॅमेल कंपनीच्या शंभर टनी गाडीकडे पाहावे. १९२९ साली अशा दोनच गाड्या बांधल्या गेल्या. रेल्वेची इंजिने बंदरापर्यंत नेण्याचे त्यांचे काम. मागच्या चाकांचे सुकाणू धरण्यासाठी एक माणूस शेपटाकडे वेगळा बसे. भार घेऊन ती माणसाच्या चालीहून फारशी वेगाने जात नसे. तिचे आरंभीचे पेट्रोल इंजिन तेल पिऊन पिऊन मालकाला जेरीस आणी, म्हणून पुढे गार्डनर कारखान्याचे डिझेल इंजिन बसविण्यात आले. दोघींपैकी एक गाडी आजही जपलेली आहे, ती त्या डिझेल इंजिनासह. तिचे ते इंजिन काढून पेट्रोलचे बसविण्याचा आग्रह धरणारा अजून तरी आमच्या वाचनात आला नाही.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ पर्यंत गाड्या जुळविल्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यातून कुर्ल्यास डॉज आणि फार्गो ट्रक निघत. युद्धानंतर लष्कराचे जुने ट्रक लिलावात जाऊन मालवाहतुकीला लागले. १९५१ पासून मद्रासजवळ एन्नोरला लेलँडचे कॉमेट जुळू लागले, १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज आला. यांतल्या बहुतेक ट्रकांचा अर्धा जन्मच कारखान्याबाहेर झाला. कारखान्याने द्यावयाचे ते चॅसी, इंजिन आणि समोरचा पत्रा. लाकडी केबिन, मागचा हौदा, चालकाच्या पाठीमागची झोपण्याची फळी, देवाचा कोनाडा, वरची चित्रे आणि अक्षरे, हे सारे गावोगावच्या बॉडी बांधणाऱ्या मेस्त्र्यांचे. अशा ट्रकाचे मूळ रूप कारखान्याच्या नकाशात सापडणार नाही. ते ज्या मेस्त्रीने बांधले त्याच्या हातात होते.

आणि येथेच कायदा आडवा येतो. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, ही गोष्ट स्वागतार्हच होय. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा खाजगी मोटार त्यांत बसते. तिला वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क पडते. मात्र वाहन मूळ रूपात असावे, चॅसी, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. मालवाहू वाहनाला त्या नियमांत जागाच ठेवलेली नाही. आणि ठेवली असती तरी ‘मूळ रूपा’च्या अटीवर आपला किती ट्रक टिकला असता? इंजिन बदललेले, केबिन दोनदा नवी बांधलेली, चॅसी मधे कापून लांबविलेली. ब्रिटिश नियमही फेरफारांबाबत सैल आहेत असे नव्हे. परंतु तेथे जुन्या वाहनाला वार्षिक तपासणीतून सूट देताना मागील तीस वर्षांतले मोठे बदल तेवढे पाहतात. त्याआधी गाडीच्या मालकाने पोटासाठी जे बदल केले ते गाडीचेच मानले जातात. आपल्याकडील नियमांत एवढी एक तीस वर्षांची ओळ घालून त्यांत मालट्रकाला प्रवेश दिला, तर निदान दहा-वीस फार्गो आणि कॉमेट तरी वाचतील असे आम्हांस वाटते.

वेळ फार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या अवजड मालवाहनांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चालकाच्या दृष्टीने हे फार पूर्वीच व्हावयास हवे होते. पण तशी केबिन कारखान्यातच होणे सोयीचे. आणि सागवानी चौकटीवर पत्रा ठोकणाऱ्या मेस्त्र्यांची मुले आता ते काम शिकतील असे दिसत नाही.