पाटीवरचे पाच शब्द

मी चौथीत असतानाची गोष्ट. शाळेत पोहोचायला उशीर झाला म्हणून गुरुजींनी कारण विचारले. मी उभा राहून सांगितले, "बापूस आजारी आहे." सारा वर्ग हसला. गुरुजी रागावले नाहीत, पण म्हणाले, "असे गावंढळ बोलू नये. 'वडील' म्हणावे." मग तो शब्द त्यांनी माझ्याकडून पाच वेळा पाटीवर लिहून घेतला. त्याच आठवड्यात एका मुलाने दुसऱ्याला आईवरून शिवी दिली. त्याच्याकडूनही 'मी वाईट बोलणार नाही' हे वाक्य पाच वेळाच लिहून घेण्यात आले. दोन्ही अपराधांना शिक्षा एकच होती. संध्याकाळी आजी म्हणाली, "बापसाला पाणी दे," आणि आयुष्यात प्रथमच मला तिच्या बोलण्याची लाज वाटली.

वाईट बोलणे म्हणजे नेमके काय? दुसऱ्याच्या मनाला घाव घालणारा शब्द वाईट, की केवळ आपल्या घरचा, गावचा, गरिबाघरचा म्हणून ओळखला जाणारा शब्दही वाईट? या दोहोंची गल्लत शाळेने फार पूर्वीपासून केली आहे. आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहासही या दोषातून मुक्त नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

सुरुवात मात्र चांगली झाली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. ते येथल्या लोकांची भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे छापून निघाले. त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० साली प्रसिद्ध झाले. १६०६ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेनेही असा दंडक घातला होता की, ज्याला लोकांची भाषा येत नाही त्याच्याकडे धर्मग्रामाचा कारभार सोपवू नये. शिकण्याचा भार तेव्हा धर्मगुरूवर होता, लोकांवर नव्हता.

पुढे हे पारडे फिरले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यांनी फर्मान काढले. लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे आणि धर्मगुरूंनी व शिक्षकांनी त्याच भाषेत शिकवावे, असा त्याचा आशय होता. १८१२ साली गोव्याच्या आर्चबिशपांनी मुलांना शाळेत कोंकणी बोलण्यास मनाई केली. आईने अंगाईत गायिलेली भाषा शाळेच्या उंबरठ्यावर अपराध ठरली. फर्मानाने कोंकणी मेली नाही. ती स्वयंपाकघरात, शेतात, होडीत जिवंत राहिली. पण सुशिक्षितांच्या घरांत तिला 'नोकरांची भाषा' हे नाव चिकटले. हुकमापेक्षा हे नाव अधिक जाचक ठरले, कारण हुकूम रद्द करता येतो, पण मनात रुजलेली लाज रद्द करता येत नाही.

ही लाज दूर करण्याचे काम ज्यांनी केले, त्यांपैकी दोघांचे स्मरण येथे केले पाहिजे. पहिले जोआकिम एलियोदोरो द कुन्य रिव्हारा. हे पोर्तुगीज अधिकारी १८५५ साली सरकारचे सचिव म्हणून गोव्यात आले. त्यांनी स्टीफन्स यांचे व्याकरण पुन्हा छापले आणि १८५८ साली कोंकणीचा इतिहास लिहून तिच्यावर झालेल्या अन्यायाची कागदोपत्री नोंद केली. दुसरे आपलेच एक धर्मगुरू, बार्देशातील आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो. त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश १८९३ साली मुंबईत छापला गेला. १९१३ साली त्यांनी आशियातील सुमारे पन्नास भाषांमध्ये पोर्तुगीज शब्द कसे पसरले, ते एका ग्रंथात दाखवून दिले. आज आपण चावी, साबण, पगार, बटाटा, घमेले, लिलाव हे शब्द निःशंकपणे वापरतो. हे परके शब्द शाळेत शुद्ध ठरले आणि 'बापूस' हा बापाच्या पोटचा शब्द अशुद्ध ठरला!

मराठीच्या बाबतीतही असेच घडले. १८३१ साली मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. त्यात ग्रंथांतल्या शब्दांबरोबर कोकणातले, शेतातले, बाजारातले शब्दही आहेत. कोशाने सर्वांना जागा दिली. क्रमिक पुस्तकांनी मात्र पुण्याकडील शिष्टांची भाषा तेवढी प्रमाण मानली. प्रमाण भाषा हवीच. तिच्यावाचून वसईचा माणूस नागपूरच्या माणसाला पत्र कसे लिहील? पण नवा अंगरखा देताना मुलाची कातडी सोलून काढण्याची गरज नसते.

हे सारे वाचून, शिकूनही माझ्या हातून काय घडले ते सांगितल्याशिवाय हा लेख संपवता येत नाही. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने स्वतःच्या शब्दांत प्रार्थना म्हटली. तिच्या तोंडी आजीच्या बोलीतला एक शब्द आला. मी सर्वांदेखत तो सुधारला. पुढच्या रविवारी तिची पाळी आली, तेव्हा ती उभी राहिली आणि काही न बोलता खाली बसली. मला माझी पाटी आठवली. या वेळी खडू माझ्या हातात होता.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि आपण मराठीत मिस्सा अर्पण करू लागलो. गोव्यात १९८७ साली कोंकणी राजभाषा झाली. वेदीवर लोकांची भाषा आली, मग धर्मशिक्षणाच्या वर्गात ती का नसावी? प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्राला त्याच्या गालिली बोलीवरूनच ओळखले गेले होते. त्या रात्री त्याने प्रभूला नाकारले, याचा त्याला जन्मभर पश्चात्ताप झाला. परंतु त्याची बोली बदलावी, असे प्रभूने कधी म्हटल्याचे शुभवर्तमानात आढळत नाही.

पालकहो, मुलाने शिवी दिली तर त्याला अवश्य आवरा. जातीवरून, व्यंगावरून, गरिबीवरून कुणाला हिणवले तर त्याहून कठोरपणे आवरा, मग तो शब्द कितीही शुद्ध मराठीत असो. त्या दिवशी वर्गात एक वाईट शब्द खरोखरच उच्चारला गेला होता, पण तो 'बापूस' नव्हता. तो 'गावंढळ' होता.

त्या मुलीकडे मी नंतर गेलो आणि तो शब्द मला शिकव, असे म्हणालो. ती थोडी लाजली. मग तिने आजीला बोलावले. त्या दोघींनी मला तो शब्द नीट उच्चारता येईपर्यंत पाच वेळा म्हणायला लावला.